पोटॅशियम वाढून ५.९ आलंय, आप्पांचा रिपोर्ट खरा धरू का? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. मी धुळ्याला असते, माहेर चोपडा तालुक्यातलं. आप्पांचं वय ६४. बीपीसाठी टेल्मिसार्टन बरीच वर्षं चालू आहे, साखर नाही. परवा भर उन्हात केळीच्या बागेत ड्रिपच्या नळ्या बघत बसले. पारा ४४ वर होता. संध्याकाळी दोनदा उलटी झाली. रात्री फोनवर म्हणाले, "पायमा जीवच नही ऱ्हायना." आप्पा कधी दुखलं-खुपलं सांगणारे नाहीत, म्हणून काल पहिल्या एसटीने मी इथे माहेरी आले.

आज रक्त तपासलं. युरिया ५८, क्रिएटिनिन (किडनीवर ताण आला की वाढतं ते) १.६, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ४८, सोडियम १३२, पोटॅशियम ५.९. दिवाळीत क्रिएटिनिन १.१ होतं.

माझी शंका रक्त कसं घेतलं त्यावर आहे. नस सापडेना म्हणून लॅबच्या मुलाने दंडाला पट्टा आवळून बराच वेळ ठेवला आणि आप्पांना मूठ उघड-मीट करायला लावली, दहा-पंधरा वेळा तरी. मग बाटल्या बर्फाच्या डब्यात टाकून आणखी दोन गावं करून दुपारी शहरात पोचला. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'नमुना हिमोलाइज्ड' असं लिहिलंय. तरी आम्हाला कोणी फोन केला नाही.

आणखी दोन गोष्टी. गुडघ्यांसाठी आप्पा मेडिकलवरून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून घेतात, हल्ली रोजच. हे आईने आज सांगितलं. आणि भावाने बीपीसाठी चांगलं म्हणून 'कमी सोडियमचं' मीठ आणलंय, तेच घरात चालतं. केळी तर घरचीच.

आमचे डॉक्टर लग्नाला बाहेरगावी आहेत, फोन लागत नाही. आज रात्री धावपळ करू की उद्या सकाळी पुन्हा रक्त देऊ?

प्रतिसाद
ताई, उद्यावर टाकू नका. नमुना खराब असेलही, पण ५.९ खरं निघालं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि तसं होताना माणसाला काही जाणवेलच असं नाही. आत्ता जिथे ईसीजी निघतो तिथे न्या, तिथेच रक्त पुन्हा द्या. डायक्लोफिनॅक आणि ते मीठ आजपासून बंद. बीपीच्या गोळीचं मात्र डॉक्टरांनाच विचारा.

प्रतिसाद
मी जळगावला लॅबमध्ये काम करतो. तुमची शंका रास्त आहे, ताई. लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. पेशी फुटल्या की ते सगळं नमुन्यात उतरतं, त्यालाच हिमोलायसिस म्हणतात. मूठ आवळल्यानेही आकडा चढतो. आणि बर्फ! लोकांना वाटतं थंडाव्यात रक्त चांगलं राहतं, पण सिरम (पेशींशिवायचा पातळ भाग) वेगळं करण्याआधी गार ठेवलं की पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपतं. पुन्हा रक्त देताना सांगा: पट्टा सैल, मूठ नको, नमुना तासाभरात मशीनवर. जांभळ्या झाकणाच्या बाटलीतलं रक्त दुसऱ्या बाटलीत ओतू देऊ नका, त्या बाटलीत पोटॅशियमचंच औषध असतं. त्या मिठातही पोटॅशियम क्लोराइड असतं. मात्र क्रिएटिनिन १.१ वरून १.६ झालंय, ते या चुकांनी होत नाही. तिकडे बघा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. रात्रीच गाडी करून तालुक्याला गेलो. ईसीजी नीट आला. पुन्हा घेतलेलं रक्त तिथल्या तिथे लावलं: पोटॅशियम ४.८, सोडियम १३४, क्रिएटिनिन १.५. आई हात जोडून रडायलाच लागली.

पण लॅबवाल्या दादांचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तेही तेच म्हणाले. उन्हाने आणि उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं, वर बीपीची ही गोळी, त्यात रोजचं डायक्लोफिनॅक. तिन्ही मिळून किडनीवर ताण येतो. सलाईन लावलं, डायक्लोफिनॅक कायमचं बंद, बीपीची गोळी चार दिवस थांबवून रोज बीपी बघायला सांगितलंय. आठवड्याने क्रिएटिनिन, इलेक्ट्रोलाइट (सोडियम, पोटॅशियम वगैरे) आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचंय. केळीतही पोटॅशियम असतं, म्हणून केळी सध्या दिवसाला एक. आप्पांना तेवढं एकच वाईट वाटलं.

आता एक विचारायचंय. गुडघे तर दुखणारच, आणि आप्पा बागेत गेल्याशिवाय राहणार नाहीत. ज्यांच्या घरी क्रिएटिनिन वाढलेलं माणूस आहे, त्यांनी गुडघेदुखीवर काय केलं? पॅरासिटामॉल डॉक्टरांनी लिहून दिलंय. शेक, व्यायाम, वरून लावायचं मलम, यातलं कशाने फरक पडला? मलमातही डायक्लोफिनॅक असतं असं ट्यूबवर वाचलं, ते चालतं का हे पुढच्या भेटीत विचारणारच आहे, पण तुमचा अनुभवही सांगा.