घरी शिकवायचे, पण बसणार कोण?

गावातील शाळा चौथीपर्यंतच, पुढची तीन किलोमीटरवर, तेव्हा मुलांना सेवाग्रामच्या नई तालीमप्रमाणे, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याच्या गांधीजींच्या पद्धतीप्रमाणे, घरीच काम करता करता शिकवावे का, असे आपण विचारले आहे. परीक्षेची चिंता मला तितकीशी वाटत नाही. शाळेत न जाता दहावीची परीक्षा देण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, बाहेरून बसणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे.

अडचण आहे ती वावरातली. आम्ही मुलीला पाचवीचे वर्ष घरीच शिकवले. कापूस वेचणीच्या दिवसांत ती काट्यापाशी बसून प्रत्येक बाईच्या गाठोड्याचे वजन वहीत मांडायची आणि साडेसतरा किलोची मजुरी तोंडी सांगायची. तोच हिशेब १७.५ असा लिहून दिला की मात्र पेन्सिल चावत बसायची. हा सांधा जोडायला रोज निदान दोन तास बसणारे माणूस लागते, आणि पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत असे माणूस आमच्या घरात तरी नव्हते. (रात्री बसावे म्हटले, तर आधी डोळे माझेच मिटत.)

नई तालीमचे म्हणाल, तर १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या त्या विचारात चरख्याशेजारी शिक्षक गृहीत धरलेला होता. ती शाळाच होती.

शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद असल्याने मुलगी थेट सहावीत बसली. वजनाची वही अजून तिच्याचकडे आहे.