खरूज पसरते ती अस्वच्छतेमुळे की दाटीमुळे?

मांडवीकाठ:
गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास भाड्याच्या एकेका खोलीत आठ-दहा कामगार पाळीपाळीने झोपतात. त्यांच्यात खरूज पसरली की घरमालकापासून ठेकेदारापर्यंत सगळे 'ही माणसे आंघोळच करत नाहीत' असे म्हणून मोकळे होतात. हा आरोप चुकीचा तर आहेच, शिवाय अपायकारक आहे, कारण लाजेपोटी माणूस दुखणे लपवतो. खरजेच्या सूक्ष्म किडीची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा पोखरून रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर दिसणारी बारीक, करडी, नागमोडी रेघ म्हणजे तिचीच वाट, आणि ती साबणाने निघत नाही. लागण होते ती त्वचेला त्वचा बराच वेळ लागून राहिल्याने, म्हणजे एकाच चटईवर खेटून झोपल्यानेही. त्यातच पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर आपल्याला काही झालेले नाही अशा समजुतीने तो इतरांशेजारी झोपतच असतो.

सासष्टीवासी:
मी असहमत आहे. सगळा दोष दाटीवर टाकला की कोणाचीच जबाबदारी उरत नाही. खोल्या उद्या मोठ्या होणार नाहीत, पण ही किड मारणाऱ्या पर्मेथ्रिन या औषधाचे ५ टक्क्यांचे मलम आज मिळते. फिजीमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या अभ्यासात कोणाची घरे बदलली नव्हती. तरीही जिथे सर्वांना आयव्हरमेक्टिन हे पोटात घ्यायचे औषध दिले, तिथे खरजेचे प्रमाण वर्षभरात सुमारे ३२ टक्क्यांवरून दोन टक्क्यांखाली आले. मग घरांचा प्रश्न मध्ये आणावा कशाला?

मांडवीकाठ:
त्याच अभ्यासात जिथे केवळ रुग्णांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना मलम दिले, तिथे प्रमाण जेमतेम निम्म्यावर आले. फरक पडला तो सगळ्यांना एकदम औषध दिल्याने. आपल्याकडे ज्याला खाज सुटते तो एकटाच दवाखान्यात जातो, मलम लावून त्याच चटईवर परततो आणि पुन्हा बाधित होतो. एका प्रौढाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम मलम लागते आणि आठवड्याभराने ते पुन्हा लावावे लागते. दहा जणांच्या खोलीला वीस नळ्या रोजंदारीवरच्या माणसाने कुठून आणाव्यात?

जेटीवरचा:
मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरांवर, म्हणजे मासेमारीच्या मोठ्या बोटींवर, खलाशी महिनोनमहिने खेटून झोपतात, तिथे दाटी हटवणे अशक्यच आहे. मात्र जून-जुलैच्या मासेमारीबंदीत बरेचसे गावी जातात. ऑगस्टमध्ये परतल्यावर, बोटीवर चढण्याआधीच सगळ्यांची तपासणी आणि उपचार एकदम करता येतील.

सासष्टीवासी:
ही सूचना मला पटते, आणि तिचा खर्च ट्रॉलरमालकाने व ठेकेदाराने करावा असेही मला वाटते. तरीही सर्वांनी एकाच रात्री मलम लावणे आणि अंथरूण गरम पाण्यात धुणे किंवा निदान तीन दिवस पिशवीत बंद ठेवणे, ही शिस्त राहणाऱ्यांनीच पाळायची आहे.

मांडवीकाठ:
मान्य आहे, फक्त ज्या खोलीला पाण्याचा नळच नाही, तिथे गरम पाण्याची सोय आधी घरमालकाने करावी.