तीन रात्री क्रूझवर काढल्या, पण समुद्र भेटलाच नाही

नौपाडा_वाचक (ठाणे) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात मी आणि यजमान मुंबई–गोवा–मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करून आलो. जेवण चांगले होते, कर्मचारी नम्र होते, केबिन स्वच्छ होती. त्यामुळे तक्रार करावी असे काही घडले नाही. तरीही घरी परतल्यावर वाशीच्या धाकट्या बहिणीने "कसे वाटले गं?" असे विचारले, तेव्हा माझ्या तोंडून "हॉटेल छान होते" एवढेच निघाले, आणि ते ऐकून मीच जराशी ओशाळले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझे आजोळ वेंगुर्ल्याचे. कोकणची आगबोट सुरू होती त्या काळात, लहान असताना, मी दोनदा तिने प्रवास केला आहे. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची, आपण पडावातून तिच्यापर्यंत जायचे, आणि खालीवर होणाऱ्या पडावातून खलाशी आम्हा मुलांना दंडाला धरून वर ओढून घ्यायचे. डेकवर सतरंजी अंथरून झोपायचे, अंगावर तुषार यायचे, शेजारच्या बाईला बोट लागलेली असायची आणि कुणीतरी तिला आलेपाकाची वडी द्यायचे. ते सगळे सुखाचे होते असे मी म्हणणार नाही, पण आपण पाण्यावर आहोत याचा विसर क्षणभरही पडत नसे.

या वेळी मात्र बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर उतरल्यापासून विमानतळावर आल्यासारखेच वाटत राहिले. सामानाला चिठ्ठी बांधून ते आमच्या ताब्यातून गेले, तपासणीच्या रांगा झाल्या, फोटो काढला गेला, आणि दाराची किल्ली व खर्चाची वही अशी दोन्ही कामे करणारे एक कार्ड हातात आले. नंतर एका बंदिस्त उताराच्या वाटेने चालत गेलो आणि थेट झुंबरे लावलेल्या दालनात पोहोचलो. धक्का आणि जहाज यांच्यामधले पाणी पाहायचे म्हणून मी मान वळवली, तोवर मागच्या माणसांनी पुढे ढकलले होते. आमची केबिन आतल्या बाजूची होती, तिला खिडकी नव्हती. दिवा मालवला की दिवस आहे की रात्र हेही कळत नसे. सर्वांत वाईट म्हणजे जहाज सुटले ते आम्हाला समजलेच नाही. आम्ही बुफेच्या रांगेत ताटल्या घेऊन उभे होतो आणि यजमान म्हणाले, "अगं, समोरचे गोदाम सरकतेय."

त्या पहिल्या संध्याकाळी एकच गोष्ट मला बोटीवरची वाटली. आणीबाणीच्या सरावासाठी सगळ्यांना जमवले होते, तेव्हा भोंग्याचे सात लहान आणि एक लांब असे आवाज झाले आणि अंगावर काटा आला.

आता बहिणीला फेब्रुवारीत जायचे आहे आणि मीही बरोबर यावे असा तिचा हट्ट आहे. आम्ही केबिन चुकीची निवडली का, की हल्ली क्रूझ म्हणजे असेच असते? जहाज हलल्यासारखे का वाटत नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

इंजिनरूम_नेरुळ यांचे उत्तर

ताई, मी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत ३१ वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर पत्नीच्या आग्रहाने एकदा क्रूझवर प्रवासी म्हणून गेलो. पहिल्या दिवशी माझीही अवस्था तुमच्यासारखीच झाली होती, फक्त मला समुद्राऐवजी इंजिन सापडत नव्हते.

आधी "समुद्र लांब का वाटतो" हे पाहू. जहाजाच्या मोठेपणासाठी जो 'ग्रॉस टनेज'चा आकडा दिला जातो, तो वजनाचा आहे असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला असतो. टायटॅनिकचा हा आकडा ४६,३२८ होता. २०२४ साली सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चा आकडा २,४८,६६३ आहे, म्हणजे पाचपटीहून अधिक. मात्र ही वाढ पाण्याखाली झालेली नाही. टायटॅनिक पाण्यात सुमारे साडेदहा मीटर बुडत असे, आणि हे नवे अवाढव्य जहाज नऊ मीटरांच्या आसपासच बुडते, कारण त्याला बंदरांच्या मर्यादित खोलीत शिरायचे असते. सगळी वाढ लांबी-रुंदीत आणि मुख्यतः उंचीत गेली आहे. मुंबईहून सुटणारी जहाजे इतकी मोठी नसतात, पण रचनेमागचा विचार तोच असतो: जेवण, नाटक, दुकाने, पोहण्याचा तलाव हे सगळे मजल्यांवर मजले चढवून बसवायचे. तुम्ही दहाव्या मजल्यावरून समुद्र पाहत असाल, तर तुमच्या आगबोटीच्या कठड्यावरून हाताला लागणारा समुद्र तिथे कसा भेटेल?

जहाज सुटल्याचे कळले नाही, यातही तुमचा दोष नाही. पूर्वी जहाज ओढून बाहेर काढायला टगबोटी लागत, आरडाओरडा होई, दोर सुटत. आता नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पाण्याखाली आडव्या बोगद्यात पंखे बसवलेले असतात, ते जहाजाला धक्क्यापासून बाजूला, अगदी आडवे, ढकलतात. दोर तर आजही सोडावेच लागतात, पण ते पाहायचे असतील तर सुटण्याच्या अर्धा तास आधी धक्क्याच्या बाजूच्या उघड्या डेकवर जाऊन उभे राहावे लागते. थोड्या वेळाने बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदरातून बाहेर वाट दाखवणारा माणूस, चालत्या जहाजावरून शिडीने खालच्या छोट्या बोटीत उतरतो. तुमच्या पडावाची आठवण जिथे हमखास येईल, अशी जागा मला तरी ती एकच दिसते.

हलण्याविषयी सांगायचे, तर जहाजाच्या दोन्ही कुशींतून पाण्याखाली पंखांसारखी दोन पाती बाहेर येतात. विमानाच्या पंखावर जसा हवेचा दाब काम करतो तसा त्यांच्यावर पाण्याचा करतो, आणि जहाजाचे डावी-उजवीकडे डोलणे बरेच कमी होते. मात्र ही पाती जहाज वेगात असतानाच उपयोगी पडतात, आणि नाळ वर-खाली होण्यावर त्यांचा फारसा परिणाम नसतो. म्हणून पुढच्या टोकाच्या केबिनमध्ये जास्त हलते, मधल्या आणि खालच्या केबिनमध्ये सर्वांत कमी. मागच्या टोकाला थरथर जाणवते. ती मला अंगाई वाटते, माझ्या पत्नीला नाही.

आता फेब्रुवारीसाठी. मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्यास्त उजव्या हाताला. परतताना बरोबर उलट. कोकणचे दिवे पाहायचे असतील तर जाताना डावीकडची जागा धरावी. खिडकीची केबिन घेताना समोर जीवरक्षक नौका टांगलेली नाही ना, हे आराखड्यात पाहून घ्यावे, नाहीतर तीन दिवस नारिंगी पत्र्याचे दर्शन घडते. आणि रात्री वरच्या डेकवर जाऊ नका. तिथे इतका झगमगाट असतो की समुद्र म्हणजे काळा पडदा वाटतो. नौकांच्या रांगेखालून जाणारा फिरण्याचा डेक बाहेरच्या बाजूला उघडा असेल तर तिथे जा, दिव्यांकडे पाठ करून दहा मिनिटे उभ्या राहा, मग मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे आणि लाटांची पांढरी कड दिसू लागते. नाळेकडच्या भागात रात्री मुद्दाम अंधार राखतात आणि समोर खिडक्या असलेल्या केबिनवाल्यांना पडदे ओढायला सांगतात, कारण सुकाणूवरच्या माणसाचे डोळे अंधाराला सरावलेले राहिले पाहिजेत. प्रवाशांना त्या बाजूला मोकळीक असेल, तर त्यासारखी जागा नाही.

घोडबंदर_चौकोनी_कुटुंब यांचे उत्तर

वरचे उत्तर उत्तम आहे, पण मला थोडी दुसरी बाजू मांडायची आहे. आम्ही दोघे, दोन मुले आणि माझी ७४ वर्षांची आई असे गेलो होतो. आईला समुद्र "भेटला नाही" हेच सर्वांत आवडले. तिचे गुडघे दुखतात, पाण्याची तिला भीती वाटते, आणि लिफ्टने सगळीकडे जाता येते, कुठेही चढउतार नाही, हे पाहून ती पहिल्याच दिवशी निर्धास्त झाली. बंदिस्त हॉटेल हे काही जणांसाठी वरदान असते, हे विसरू नये.

चढण्याविषयी अनुभवाचे दोन शब्द. ठाण्याहून पूर्व द्रुतगती महामार्ग आणि पुढे फ्रीवे धरून आम्ही गेलो आणि वेळेच्या फार आधी पोहोचलो, त्याचा फायदाच झाला. नवी मुंबईकरांना २०२४ पासून अटल सेतूचाही मार्ग आहे. उलव्याकडून शिवडीला उतरून तिथून फ्रीवेने थेट त्याच भागात येता येते. सामान मात्र विचारपूर्वक बांधावे. आमच्या बॅगा दुपारी घेतल्या आणि केबिनच्या दाराशी रात्री दहाला आल्या. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यातच होत्या, आणि तोवर कोणत्या काउंटरवर विचारावे हे कुणालाच धड सांगता येत नव्हते. औषधे, एक कपड्यांचा जोड आणि मूळ ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवावे. प्रवासी इस्त्री आणि किटली घरीच ठेवा, आगीच्या भीतीने त्या काढून घेतात.

ताईंना त्या उताराच्या वाटेवर ढकलले गेले याचे वाईट वाटले. आम्ही परतताना ती वाट जातानापेक्षा बरीच तीव्र झाली होती. मुंबई बंदरात मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर वर-खाली होते आणि जहाज त्याबरोबर हलते, धक्का तिथेच राहतो. व्हीलचेअर असेल तर कर्मचाऱ्यांना आधी कळवून ठेवावे.

आणीबाणीच्या सरावाला मुले कंटाळली होती, पण तो टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटले आणि ३२ माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण नियमाने २४ तासांची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला, आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सराव घेणे बंधनकारक झाले. तुमच्या अंगावर काटा आणणारा तो भोंगा पहिल्याच संध्याकाळी वाजतो तो त्यामुळे.

खारघर_सीबीडी_अपडाऊन यांचे उत्तर

समुद्र भेटला नाही म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो! मला तो दुसऱ्या रात्री चांगलाच भेटला. पाती वगैरे असूनही बोट लागते ती लागतेच. कान सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना खिडकी नसलेल्या केबिनमध्ये सगळे स्थिर दिसते, आणि या भांडणात पोट भरडले जाते. मी बाहेर येऊन क्षितिजाकडे पाहत बसले तेव्हा अर्ध्या तासात बरे वाटले. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून त्रास होण्याआधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही, शिवाय तिने झोप येते. आलेपाक मीही नेला होता, त्याने तोंडाला चव आली, एवढे नक्की.

आणखी एक: किनारा दूर गेला की फोन आपोआप जहाजावरच्या उपग्रह जाळ्याला जोडला जाऊ शकतो आणि त्याचे दर अवाच्या सवा असतात. धक्का सुटला की फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. घरच्यांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर माझ्या सासूबाईंसारख्या त्या रात्रभर जाग्या राहतील.

नौपाडा_वाचक (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. घोडबंदरच्या मित्राचे म्हणणे मला पटले. माझे यजमानही त्याच पंथाचे आहेत, त्यांना बंद केबिनमध्ये इतकी गाढ झोप लागली की गोवा आले तेव्हा हलवून उठवावे लागले. त्यांच्यावर माझ्या आगबोटीचे ओझे मी टाकायला नको होते.

बहिणीशी बोलणे झाले. आम्ही मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची, डावीकडची खिडकीची केबिन पाहत आहोत आणि आराखड्यात नारिंगी पत्रा कुठे येतो तेही तपासले आहे. बाल्कनीचा दर पाहून दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि तो विषय संपवला. यजमानांना घरी ठेवून जाणार आहे, ते खूश आहेत.

नेरुळच्या काकांना एकच विचारायचे राहिले. आजोबा सांगायचे की बोट मुंबईच्या जवळ आली की खांदेरीचा दिवा दिसतो आणि मग सगळे सतरंज्या गुंडाळायला लागतात. तो आता क्रूझवरून दिसतो का?

इंजिनरूम_नेरुळ

दिसतो. खांदेरी बेटावर १८६७ साली बांधलेले दीपगृह आजही चालू आहे, आणि ज्या किल्ल्यात ते उभे आहे तो महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतलेला. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी तो एक. मुंबईतून निघताना आधी उजव्या हाताला कुलाब्याच्या टोकाचे प्राँग्ज दीपगृह जाते, नंतर जहाज दक्षिणेकडे वळले की खांदेरी डावीकडे येते. परतीच्या वाटेवर तो उजवीकडे असेल, तेव्हा खिडकीच्या भरवशावर न राहता बाहेर यावे लागेल.

मात्र जाताना तो दिसण्याच्या सुमारास बुफेची रांग लागलेली असते, हे लक्षात ठेवा.