ओढा बुजवून पाइप टाकलेत, अर्ज नेमका कुठे करायचा?

प्रश्न (शिवार_पाणी): ओढा साधारण 15 फूट रुंद, 5 फूट खोल. खालच्या अंगाला भराव घालून त्यात 2 फुटी दोन पाइप टाकलेत, वरून ट्रॅक्टरची वाट केलीय. जोराचा पाऊस झाला की पाणी फुगून वरच्या गटांत शिरतं. ग्रामपंचायत म्हणते तहसीलला जा, तहसील म्हणतं पंचायतीचं काम. कोणत्या कायद्याखाली अर्ज द्यायचा?

बांधकरी: दोन वेगळे अर्ज करा, एकात कालवू नका.

शेतात पाणी शिरतं त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतात. मुदत मात्र 6 महिने. ती भराव पडल्याच्या तारखेपासूनच धरून चला. पुढच्या पावसाची वाट बघत बसलात तर दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला जाऊ शकतो. अर्जात तारीख, गट नंबर, अडथळा कुठे नि काय, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी हवीच. नुसतं ‘अतिक्रमण झाले आहे, कारवाई व्हावी’ लिहिलेला अर्ज टपालात फिरत राहतो.

ओढा सरकारी असेल तर दुसरा अर्ज जमीन महसूल संहिता 1966, कलम 50 खाली. तहसीलदारांना द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दोन्हींची पोच घ्या.

आणि मोजमाप लिहाच. दोन पाइपांचं तोंड मिळून सव्वासहा चौरस फूट, ओढ्याचा छेद 75. म्हणजे बारावा हिस्सा, तोही पालापाचोळा अडकायच्या आधी!

नकाशावाला: ‘ओढा सरकारी असेल तर’ हाच कळीचा मुद्दा आहे. आधी भूमी अभिलेखकडून गाव नकाशाची नक्कल काढा. ओढ्याला गट नंबरच नसेल तर प्रश्न मिटला, तो जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे शासनाचा. गटाच्या आतून जात असेल तर सातबारावर पोटखराबा (गटातलं लागवडीखाली नसलेलं क्षेत्र) बघा. वर्ग ‘ब’ म्हणजे रस्ता, ओढा-नाल्याखालचं क्षेत्र. समोरचा ‘माझ्याच गटात आहे’ म्हणतो तेव्हा हीच नोंद दाखवायची.

रानवाट: एवढं कशाला? चार जणांनी मिळून जेसीबी लावा, तासाभरात ओढा मोकळा.

बांधकरी: मग पंचनाम्याला येणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याला दाखवणार काय? पुरावा तुम्हीच उचललेला, वर गुन्हा तुमच्यावर. पंचनाम्याच्या दिवशी वरच्या गटांतले सगळे हजर राहा आणि पाइपाचा व्यास टेप लावून लिहून घ्या.

पंचायत_कट्टा: ग्रामसभेचा ठरावही जोडा, पण विषय नोटीस निघायच्या आधी लेखी द्या. आयत्या वेळी मांडलेला विषय इतिवृत्तात बऱ्याचदा येतच नाही. ठरावात गट नंबर आणि ‘ओढा पूर्ववत करावा’ हे शब्द हवेत, नाहीतर मोठा पाइप टाकून प्रकरण बंद करतात. अर्ज पुढे सरकला नाही तर माहिती अधिकारात त्यावरच्या शेऱ्यांसह टिपणीची नक्कल मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.