व्हीलचेअर जायची वाट असेल तर पेव्हर ब्लॉक नकोतच

उभा_मारुती:
रंकाळ्याचा काठ असो की पेठेतली बाग, फिरायची वाट करायची म्हटली की पेव्हर ठरलेलेच. पहिल्या वर्षी फोटो झकास येतात. दोन पावसाळे गेले की एक ब्लॉक वर, दुसरा खाली. चालणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, पण व्हीलचेअरची पुढची चाकं जेमतेम १२५ ते २०० मिमी व्यासाची असतात, त्यात बरीचशी भरीव रबराची. ती १० मिमीच्या कडेला अडली की माणूस पुढं कलंडतो. अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या हक्कांचा कायदा) निकषात उभी कड ६.४ मिमीपर्यंतच चालते. त्यापुढं १३ मिमीपर्यंतची कड १:२ उतारानं तासावी लागते, आणि त्याहून जास्त असेल तर रॅम्पच करावा लागतो. सरळ १०० मिमी काँक्रीट ओता, ओलं असताना वाटेला आडवा झाडू फिरवा, विषय संपला.

तांबडा_पांढरा:
विषय एवढ्यात संपत नाही राव. ब्लॉक खचत नाही, त्याखालचं खचतं. खाली दाबलेल्या खडीचा थर हवा, तिथं मुरूम पसरून वर एकदा रोलर फिरवतात. वाळूचा थर दाबल्यावर २५ ते ४० मिमी राहायला हवा. लेव्हल चुकली की तीच वाळू १०० मिमी घालून भागवतात, मग ती जिकडं पाणी तिकडं जाते. कडेला काँक्रीटचा कर्ब (ब्लॉक धरून ठेवणारा काठ) नसला तर बाहेरची ओळ आधी सुटते आणि मागोमाग सगळ्या ओळी सैल होतात. सांधे २ ते ४ मिमीचे, त्यात बारीक कोरडी वाळू, आणि ती प्लेट कॉम्पॅक्टरनं (थरथरून दाबणाऱ्या मशीननं) बसवायची. केरसुणीनं सारून वाळू सांध्यात उतरत नाही. एवढं नीट केलं तर ६० मिमीचा ब्लॉक पायवाटेला आरामात टिकतो. आणि उद्या पाण्याची लाईन फुटली तर तुमचं काँक्रीट ब्रेकरनं फोडणार, वर डांबराचं ठिगळ लावणार. त्या ठिगळावरून चेअर नेऊन दाखवा.

उद्यमनगर_गवंडी:
ब्लॉक कुठला, हेही बोला की. रबर मोल्डमधला चकचकीत ब्लॉक कोरडा असताना देखणा, ओला झाला की साबण. आपल्याकडं जून ते सप्टेंबर वाट ओलीच, सावलीत शेवाळ वेगळं. मशीनवर दाबून काढलेला खरबरीत ब्लॉकच घ्या, तोही कड कमी तासलेला. कड जास्त तासलेली असेल तर प्रत्येक सांध्यावर चाक बुडतं आणि पाठीच्या कण्याला हादरे बसतात. मणक्याला इजा झालेल्या माणसाला हे सोसत नाही. शहाबादी फरशी असो की घासून गुळगुळीत झालेला काळा दगड, पावसात दोन्ही धोक्याचे. दगडच लावायचा तर टाकी मारून घ्या, पण सांधे सिमेंटनं पृष्ठभागाबरोबर भरा.

पहाटफेरी:
तुम्ही दोघं मिळून सगळा काठ सिमेंटचा करणार! रोज चालणाऱ्यांच्या गुडघ्यांचं काय? दाबलेला मुरूम ठेवा. पाणी मुरतं, झाडं जगतात, खर्च कमी.

उभा_मारुती:
@पहाटफेरी, गुडघ्यांसाठी शेजारी मातीचा पट्टा ठेवा, कुणाची ना नाही. पण मऊ जमिनीवर चेअर ढकलायला किती जोर लागतो, ते मोजता येतं. खेळाच्या मैदानांसाठी एएसटीएम (मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) हिची एफ१९५१ नावाची चाचणी आहे. तिचा कस असा: त्या जमिनीवर सरळ जायला आणि वळायला १:१४ चढावर लागतं त्यापेक्षा कमी श्रम लागले पाहिजेत. ओल्या मुरमात चाक रुततं, म्हणजे सपाट वाटेवर दिवसभर चढ चढल्यासारखंच. वळताना तर चाक जागीच माती उकरतं.

पहाटफेरी:
सुटा मुरूम मीही म्हणत नाही. त्यात वजनाच्या ४ ते ६ टक्के सिमेंट मिसळा, बेताचं पाणी मारून १०० मिमीचा थर रोलरनं दाबा. चाक रुतत नाही.

उद्यमनगर_गवंडी:
पाणी वाटेवरून लांबीनं वाहिलं तर तोही थर धुपतो, वर सुटे खडे राहतात. वाटेच्या वरच्या अंगाला गटार काढल्याशिवाय त्यात पडू नका. गटाराच्या जाळीची भोकं १३ मिमीपेक्षा मोठी नकोत. पट्ट्या जाण्याच्या दिशेला आडव्या बसवा, उभ्या बसवल्या तर पुढचं चाक त्यातच बसतं. काँक्रीटवाल्यांनाही सांगतो, खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती काढून मुरूम भरा. अडीच-तीन मीटरवर सांधे कापा, नाहीतर स्लॅब त्याला वाटेल तिथं फुटेल. किमान आठवडाभर पाणी मारा. झाडाच्या मुळाशी स्लॅब नेऊच नका. मूळ तो उचलणार आणि तुमची १० मिमीची कड परत हजर.

तांबडा_पांढरा:
म्हणजे झाडांपाशी पेव्हरच. तिथं उचलून परत बसवता येतो.

उभा_मारुती:
झाडांपाशी मान्य. तिथंही वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर पट्टी लावून मोजा. कुठल्याच टेंडरात हे कलम नसतं.

शेंडापार्क:
पृष्ठभागावर भांडताय, आडव्या उताराचं, म्हणजे वाटेच्या रुंदीतल्या उताराचं, कुणी बोललंच नाही. पाणी जावं म्हणून ४-५ टक्के उतार देतात, मग चेअर सारखी खालच्या अंगाला ओढली जाते. एका हातानं ढकलायचं, दुसऱ्यानं आवरायचं, शंभर मीटरमध्ये खांदा भरून येतो. २ टक्क्यांच्या आतच हवा. लांबीचा उतार १:२० पर्यंत असेल तर ती वाट. त्याहून तीव्र झाला तर तो रॅम्प, मग १:१२ ची मर्यादा, कठडा आणि दीड मीटरची सपाट जागा, सगळं आलं. अंधांसाठीच्या उठावदार फरश्या वाटेच्या मधोमध लावू नका. त्यांच्या एका बाजूला निदान ९०० मिमी सपाट पट्टा सोडा.

तांबडा_पांढरा:
२ टक्क्यांवर झाडू मारलेल्या काँक्रीटवर पाणी साचतं हो. त्या खाचांत शेवाळ धरतं.

उद्यमनगर_गवंडी:
खाचा उताराच्या दिशेनं असल्या तर नाही साचत. आडवा झाडू म्हणजे तीच दिशा. गडबड होते ती गवंडी घाईत वाटेच्या लांबीनं झाडू ओढतो तेव्हा.