सरपंचकी ‘राखीव’ की ‘सुटली’?

तहसीलीत सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत होती, तिथं गेलो होतो. आमचं गाव लोकसंख्येवरून एसटीत आधीच धरलेलं. त्यातली महिलांची गावं तेवढी चिठ्ठीनं ठरायची होती. बरणीत गावांच्या नावांच्या गुंडाळ्या, काढायला चौथीतली पोरगी. तिचा हात बरणीच्या तोंडात अडकला तसं सभागृह हसलं. आमची चिठ्ठी निघाली. सोबतच्यानं तिथूनच गावी फोन लावला, “सरपंचकी एसटी बाईले सुटली ना बे!”

कागदावर ‘राखीव’ किंवा ‘आरक्षित’ असतं, ‘सुटली’ कुठंच नसतं. राखणं म्हणजे दुसऱ्याला हात लावू न देणं, रात्री डुकरांपासून वावर राखतो तसं. सुटणं त्याच्या नेमकं उलट. एकाच खुर्चीला ही दोन क्रियापदं कशी? मला वाटतं, खुर्ची मुळात कोणाच्या तरी मुठीत आहे हे बोलणाऱ्यानं धरलेलंच असतं. पाच वर्षं मूठ सैल झाली, म्हणून ‘सुटली’.

हिंगणघाटहून प्रतिसाद: एवढं खोल जायचं कारण नाही. सोडत, सोडणे, सुटणे: एकच घराणं. आघाडीच्या जागावाटपात ‘मतदारसंघ अमुक पक्षाला सुटला’ असं पेपरवाले रोज लिहितात. तिथं कुठली जात आली? दावेदार अनेक, पदरात एकाच्या, एवढाच अर्थ.

धानोऱ्याहून (गडचिरोली): ‘राखीव’ हा शब्द आमच्या म्हाताऱ्यांनी आधी ऐकला तो जंगलखात्याकडून. १९२७ च्या वन कायद्यातलं राखीव जंगल. ढोरं आत गेली की दंड. म्हणजे राखीव = तुम्ही बाहेर. मग राखीव जागा आल्या, तिथं राखीव = फक्त तुम्हीच आत! शब्द तोच, फाटकाची बाजू बदलली. आणि आमच्याकडं ‘एसटीला सुटली’ म्हणायची वेळच येत नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित (आदिवासींचं म्हणून जाहीर केलेल्या) क्षेत्रात पंचायतीचं अध्यक्षपद आदिवासीकडंच राहतं. चिठ्ठी फक्त बाई की माणूस एवढ्यापुरती. बिगरआदिवासी शेजारी कुरकुरतात, ते वेगळं.

इथूनच जवळ मेंढा-लेखा गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. पाहा, तिच्यात ‘प्रतिनिधी’ नाहीच. निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं, मग आपल्या जागी ठेवायचा कोणाला? (प्रति + नि + धा, म्हणजे बदली ठेवलेला. ‘निधी’ही त्याच धातूचा. गावात दोघांची गल्लत होते ती काही उगाच नाही.)

बाळापूरहून: आधी शुद्धलेखन, कारण हा शब्द पुढं येणार आहे: ‘अल्पसंख्यांक’ नव्हे, अल्पसंख्याक. त्यात ‘अंक’ नाही. आता मुद्दा. आमच्या मुस्लिम मोहल्ल्याला यातलं काही सुटतही नाही, राखलंही जात नाही. धर्मावरच्या राखीव जागा घटना समितीनं १९४९ मध्येच वगळल्या. आमचा मेंबर येतो तो ओबीसीच्या दाखल्यावर, नाहीतर ओपनमधून. त्यामुळं आमचं क्रियापद ‘बसवणे’. पॅनल ठरताना मोठी माणसं म्हणतात, “त्यांचा एक बसवा.” बसवलेला माणूस पाच वर्षं बसूनच राहतो, हे ओघानं आलंच. बौद्धवाड्याचं तसं नाही. ते कायद्यानं अल्पसंख्याकही आणि अनुसूचित जातीतही. जागा मिळते ती अनुसूचित जातीच्या दाखल्यावर.

धागाकर्ता: ‘सोडत’ मान्य. तरी एक गोष्ट खटकतेच. खुली राहिली तर आमच्याकडं कोणी ‘ओपनला सुटली’ म्हणत नाही, ‘ओपन राह्यली’ म्हणतात. सुटते ती फक्त दुसऱ्याला. पेपरातल्या पक्षांना हा नियम लागू नाही, गावाला आहे.

अजून एक अडलंय. आमच्याकडं पाटलाची पाटलीण, तशी सरपंचाची बायको ती सरपंचीण. आता निवडून आलेल्या बाईला काय म्हणायचं? सध्या ‘सरपंचबाई’ चाललंय, आणि नुसतं ‘सरपंच’ अशी हाक मारली की ओ तिचा नवरा देतो. बुलढाण्याकडं काय म्हणतात?