रक्तदाब मोजणे शिकवताना मिश्र अध्यापनाच्या दोन पद्धतींची तुलना कशी करावी?

प्रश्न – शरीरक्रियाशास्त्र, सहायक प्राध्यापक
नमस्कार. आमच्याकडे एमबीबीएसच्या प्रथम वर्षाला १५० विद्यार्थी आहेत. २०१९ च्या क्षमताधारित अभ्यासक्रमात व्याख्याने एकूण तासांच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावीत असे ठरल्यापासून प्रत्येक विभाग व्हिडिओ तयार करू लागला आहे. व्हिडिओ आणि वर्ग यांची सांगड घालणाऱ्या या मिश्र अध्यापनात त्यांचा नेमका उपयोग कसा करावा याबद्दल मात्र एकवाक्यता नाही. माझा विचार असा आहे की, ‘अ’ तुकडीने व्हिडिओ आधी घरी पाहावा आणि वर्गातला वेळ चर्चेला व सरावाला द्यावा, तर ‘ब’ तुकडीला नेहमीप्रमाणे व्याख्यान द्यावे आणि तोच व्हिडिओ नंतर उजळणीसाठी पाठवावा. अखेरीस दोघांची बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घ्यायची. एवढ्यावरून कोणती पद्धत सरस, हे सांगता येईल का?

उत्तर १ – वैद्यकीय शिक्षण कक्षातील सदस्य
आपल्या आराखड्यात मला दोन अडचणी दिसतात. पहिली वेळेची. ‘अ’ तुकडीने घरी वीस मिनिटे आणि वर्गात पूर्ण तास दिला, आणि ‘ब’ तुकडीने व्हिडिओ उघडलाच नाही, तर गुणांतला फरक पद्धतीचा की जास्तीच्या अभ्यासाचा, हे कोण सांगणार? मिश्र अध्यापनाच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या अनेक दाखल्यांत ही मेख असते. दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. एका वसतिगृहात राहणाऱ्या मुलांमध्ये ‘अ’ तुकडीचा व्हिडिओ रात्रीच्या जेवणाआधी ‘ब’ तुकडीकडे पोहोचलेला असतो. तेव्हा रक्तदाबानंतर ईसीजीच्या वेळी तुकड्यांची अदलाबदल करावी. निदान कोणावर अन्याय झाला असे राहत नाही. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आधीच घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर २ – परिचर्या महाविद्यालय, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर
माझा आक्षेप चाचणीलाच आहे. रक्तदाब मोजणे हे हाताचे आणि कानाचे काम आहे. दंडाला बांधलेल्या पट्ट्यातली हवा दर सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या वेगाने सोडावी, हे व्हिडिओ पाहिलेली प्रत्येक विद्यार्थिनी अचूक लिहिते; प्रत्यक्षात अंगठ्याने झडप जराशी जास्त फिरते, पारा एकदम खाली येतो आणि पहिला ठोका निसटतो. मग वहीत काय येते? १२०/८०. मोजपट्टीवर दर २ मिलिमीटरला रेघ असूनही वर्गातली बहुतेक वाचने, म्हणजे नोंदवलेले आकडे, शून्यावर संपणारी दिसली, तर मुलींनी ऐकले नाही, अंदाज बांधला, असे मी समजते. दोन जणांना एकाच वेळी ऐकता येईल असा शिकवण्याचा स्टेथोस्कोप लावून मी स्वतःचे वाचन बाजूला लिहून ठेवते आणि दोन्ही आकड्यांतील फरक मोजते. मनगटावरची नाडी चाचपून आधी अंदाज घेतला की नाही, हेही ओस्कीच्या (ठरावीक तपासयादीनुसार कौशल्य पाहणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या) तपासयादीत घालावे. बहुपर्यायी प्रश्नांत यातले काहीच दिसणार नाही.

उत्तर ३ – औषधशास्त्र विभाग
मॅडमशी सहमत. घरी व्हिडिओ खरोखर पाहिला जावा यासाठी संघाधारित अध्ययनातली एक गोष्ट उसनी घेता येईल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठात लॅरी मायकेलसन यांनी मोठ्या वर्गांसाठी ही पद्धत बसवली. तासाच्या सुरुवातीला प्रत्येकाने एकट्याने छोटी चाचणी द्यायची आणि लगेच तीच चाचणी गटाने चर्चा करून सोडवायची. दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवून आलेला मुलगा एकट्याच्या चाचणीत उघडा पडतो, पण गटात सावरला जातो. मात्र हे दोन्ही तुकड्यांना लावावे, नाहीतर पुन्हा तिसरीच गोष्ट मोजली जाईल.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. दोन्ही तुकड्यांना एकूण ८० मिनिटेच मिळतील, ‘ब’ तुकडी व्हिडिओही महाविद्यालयातच पाहील, आणि मुख्य निकष वाचनांतील फरक हाच ठेवतो. विभागात शिकवण्याचा स्टेथोस्कोप एकच आहे. आणखी तीन मागवण्याचा अर्ज आज लिहितो.